‘रिझर्व्हेशन’मध्ये राहणाऱ्यांना मराठीत कुठे ठेवावे?

खर्डेघाशी : अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातल्या ‘स्पिरिट लेक’ या मूलनिवासी डकोटा समाजावरील लेखाचा मी अनुवाद करीत आहे. १८६७ च्या तहाने त्यांच्यासाठी ठरलेल्या भूमीला मूळ लेखात ‘रिझर्व्हेशन’ म्हटले आहे. ‘हे लोक आरक्षणात राहतात’ असे मी लिहिले, तेव्हा बहिणीने ‘किती टक्के?’ असे विचारले. ‘राखीव क्षेत्र’ म्हणावे, तर डोळ्यांपुढे वाघ येतो. शिवाय ‘ट्रायबल नेशन’चे काय करावे?

शब्दवेल्हाळ : ‘जमातीची राखीव भूमी’ यात मला काही वावगे दिसत नाही. ‘टोळी’ मात्र लिहू नये. टोळी दरोडेखोरांची असते.

कोशकीटक : ‘जमात’ही निर्दोष नाही. १८७१ साली अमेरिकी संसदेने मूलनिवासींशी नवे तह करणे थांबवले आणि त्याच साली इंग्रजांनी आपल्याकडे ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला, जो शिक्का पुढे पारधी-कैकाड्यांच्या कपाळी बसला. ज्यांच्याशी तह होतो, ज्यांचे आजही स्वतःचे निर्वाचित मंडळ, न्यायालय आणि महाविद्यालय आहे, त्यांना ‘राष्ट्र’च म्हणावे.

शब्दवेल्हाळ : आपण ‘राष्ट्र’ लिहाल आणि वाचक पारपत्र शोधत बसेल. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही १८३१ मध्ये, चेरोकी या दुसऱ्या मूलनिवासी समाजाच्या खटल्यात, ‘देशांतर्गत परावलंबी राष्ट्रे’ अशी कसरत केली होती.

कोशकीटक : महाराष्ट्रात राहणाऱ्याने त्या शब्दाला इतके बिचकावे, याचे नवल वाटते. आणि ‘राखीव’ म्हणजे कोणी राखलेली? डकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यातील १८६२ च्या युद्धानंतर मिनेसोटातील मॅनकेटो येथे ३८ डकोटांना एकाच दिवशी फाशी दिले गेले. पुढच्या वर्षी त्यांचे तह कायद्याने रद्द करून त्यांना मिनेसोटातून हाकलले. त्यानंतर नेमून दिलेल्या जागेला ‘राखीव’ म्हणणे ही सभ्यतेची परिसीमा झाली. मी ‘नेमलेला मुलूख’ म्हणेन.

मु. पो. सावंतवाडी : मला त्या तळ्याच्या नावाविषयी लिहायचे आहे. डकोटा भाषेत ‘म्नी’ म्हणजे पाणी आणि ‘वाकान’ म्हणजे पवित्र, गूढ सामर्थ्य असलेले. गोऱ्या लोकांनी त्याचे ‘डेव्हिल्स लेक’, म्हणजे सैतानाचे तळे केले आणि समाजालाही तेच नाव चिकटवले, जे त्यांनी १९९० च्या दशकात टाकून दिले. शेजारच्या शहराच्या नावात मात्र सैतान अजून आहे. ‘स्पिरिट’चे मराठी ‘भूत’ करू नये. माझी आजी गावच्या तळीला ‘जागृत’ म्हणे आणि तिथे राखणदार असतो म्हणून चपला काढायला लावी. ‘वाकान’ला ‘जागृत’ इतका जवळचा शब्द मला सुचत नाही.

शब्दवेल्हाळ : ‘जागृत’ देवस्थान असते, पाणी नव्हे.

मु. पो. सावंतवाडी : आमच्याकडे असते.

खर्डेघाशी : सर्वांचे आभार. डकोटांचा स्वतःचा शब्द ‘ओयाते’ आहे, म्हणजे लोक आणि राष्ट्र दोन्ही. लेक ट्रॅव्हर्स या दुसऱ्या ‘रिझर्व्हेशन’मधल्या त्यांच्या भाऊबंदांनी तो ‘सिसेटन वाहपेटन ओयाते’ असा नावातच ठेवला आहे. तो मी तसाच ठेवीन. ‘रिझर्व्हेशन’चे मात्र अजून ठरलेले नाही.

कोशकीटक : राखणदार आणि राखीव यांचा धातू एकच आहे, हे कोणाच्या लक्षात आले का?