परमिट माशासमोर खेकड्याची नक्कल कशी टाकावी? मदत हवी आहे

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि येत्या एप्रिलमध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या उथळ खाऱ्या पाण्यात फ्लाय रॉडने (दोरीच्या वजनावर नकली भक्ष्य फेकण्याच्या गळकाठीने) परमिट नावाचा समुद्री मासा धरण्याचा दुसऱ्यांदा प्रयत्न करणार आहे. भरतीबरोबर गुडघाभर पाण्यात येऊन हा मासा डोके खाली घालून तळातले खेकडे टिपतो आणि तेव्हा त्याची काळसर, दुभंगलेली शेपटी पाण्याबाहेर दिसते. मागच्या खेपेस अशी शेपटी तीनदा दिसली, पण प्रत्येक वेळी खेकड्याची नक्कल (गळावर बांधलेला नकली खेकडा) जवळ पडताच मासा वळून निघून गेला, ही रुखरुख अजून जात नाही. नक्कल त्याच्यासमोर टाकून तशीच तळाला बुडू द्यावी, की दोरी हळूहळू ओढत राहावी?

माझ्याकडे १० नंबरचा रॉड आणि १६ पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर (दोरी आणि नक्कल यांना जोडणारा पारदर्शक धागा) आहे. इथल्या तळजाई टेकडीवर पहाटे सराव करतो, मात्र तिथे समुद्रावरचा वारा नसतो, आणि खरी अडचण तीच आहे. वाऱ्याविरुद्ध ६० फुटांवर जड नक्कल अलगद कशी उतरवावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. बेलीझमध्ये २००९ पासून परमिट पकडल्यावर सोडून देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे त्याला इजा न होता गळ कसा काढावा, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे.