शेजारच्या लेआउटला आपलं पाणी? (रविवारच्या मीटिंगआधीची ग्रुपवरची चर्चा)

प्लॉट ९ वहिनी: आज परत वीस मिनिटंच पाणी, वरच्या टाकीत थेंब चढला नाही. आणि रविवारी आपण शेजारी होणाऱ्या नव्या प्लॉटिंगच्या लेआउटला आपल्या पाण्याच्या लाइनीवर घ्यायचा ठराव करणार? त्यांचा हिशेब कुणी वाचलाय का?

चेअरमन: वहिनी, ठराव नाही, फक्त चर्चा आहे. त्यांनी लेखी दिलंय, रोज १३,२०० लिटर पुरतं म्हणून.

प्लॉट ३: त्यांना एनओसी (ना-हरकत) द्यायची नाही. गेल्या मीटिंगलाच सांगितलेलं.

आण्णा प्लॉट १४: चेअरमनसाहेब, मी वाचला तो कागद. ६० प्लॉट, घरटी ४ माणसं, माणशी ५५ लिटर. ५५ हा जलजीवन मिशनचा खेड्यातल्या नळाचा किमान आकडा आहे, ड्रेनेज असलेल्या शहरी वस्तीला १३५ धरतात. घरटी ५ माणसं धरा, ६० × ५ × १३५ म्हणजे ४०,५०० लिटर झाले. तेही एका प्लॉटवर एकच कुटुंब धरून. आपल्याकडंच बघा की, खाली मालक वर भाडेकरू. तसं झालं की सरळ ८१,०००.

प्लॉट ७: आण्णा भाडेकरूंवर घसरू नका, आमचे भाडेकरू मेंटेनन्स वेळेवर देतात, थकवतात ते मालक

प्लॉट ३०: कुणाला म्हणताय ओ?

प्लॉट ७: ज्याला लागलं त्याला

चेअरमन: मेंटेनन्सचा विषय इथं नको 🙏

प्लॉट ३: एनओसी द्यायची नाही.

प्लॉट २६: दादा, कॉपी पेस्ट लावलंय काय 😂

प्लॉट ९ वहिनी: आणि बागेचं काय? त्यांच्या ब्रोशरवर नुसती लॉन आणि कारंजी आहेत.

आण्णा प्लॉट १४: वहिनी बरोबर ठिकाणी आल्या. जमीन ५ एकर, म्हणजे २०,००० चौरस मीटरच्या वर, त्यात १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, ती २,००० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लॉनला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर लागतं, झाले १०,००० लिटर, आणि स्प्रिंकलरनं दिलं तर पाव भाग वाऱ्यावर अन् उन्हात जातो म्हणून सोडायचं १३,००० च्या वर. म्हणजे त्यांनी सगळ्या माणसांना मिळून जेवढं धरलंय तेवढं नुसतं गवत पिणार!

काकू प्लॉट १८: 🌹 शुभ सकाळ 🌹

प्लॉट २६: काकू रात्रीचे साडेदहा झालेत

प्लॉट ५: सांगलीत पाण्याची ददात म्हणजे कमाल. २०१६ ला मिरजेतनं रेल्वेनं लातूरला पाणी दिलं आपण, आणि २०१९ ला तर पाणीच घरात शिरलेलं.

प्लॉट ९ वहिनी: दादा, कृष्णा उशाला अन् कोरड घशाला हे आमचं रोजचं आहे. नदीत असून काय करू, आपला संप (जमिनीखालची टाकी) तेवढाच, पंप तोच, पाइप तीच.

प्लॉट ३०: पण त्यांचे स्वतःचे दोन बोअर आहेत, बागेला तेच वापरणार. मी डोळ्यानं बघितलंय, पाइप भरून पाणी पडत होतं.

आण्णा प्लॉट १४: कधी बघितलंत?

प्लॉट ३०: गणपतीत.

आण्णा प्लॉट १४: गणपतीत कुठल्याही बोअरला पाणी असतंय. आपल्याकडं वर काळी माती, खाली कातळ, पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या फटीत, उन्हाळा लागला की ते उतरत जातं. टेस्ट मे महिन्यात घ्यायची. दिवसभर पंप सलग चालवायचा, दर तासाला २०० लिटरचा बॅरल किती सेकंदात भरतो ते लिहायचं, पातळी कुठं थांबते ती मोजायची आणि बंद केल्यावर किती वेळानं परत वर येते तेही. आणि त्याच दिवशी आपल्या बोअरमध्ये पण दोरी सोडून बघायचं. त्यांचा चालू असताना आपली पातळी उतरली तर दोघं एकाच फटीतनं ओढतोय, मग कसले त्यांचे स्वतःचे बोअर?

प्लॉट ३०: मेपर्यंत थांबायला त्यांना परवडणार नाही. बुकिंग चालू करायचंय.

प्लॉट ९ वहिनी: तुमचे पाहुणे आहेत म्हणून त्यांना परवडत नाही ते तुम्हाला कळतंय, आम्ही टँकर मागवतो ते नाही कळत

प्लॉट ३०: पर्सनल होऊ नका वहिनी. मी सोसायटीच्या भल्याचंच बोलतोय, रस्ता करून देणार आहेत ते.

प्लॉट ३: एनओसी द्यायची नाही.

आण्णा प्लॉट १४: माझा लेआउटला विरोध नाही, त्यांनाही घरं पाहिजेतच. पण वापरलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं, म्हणजे ४०,५०० मधलं ३२,००० च्या वर. ते शुद्ध करून बागेला दिलं तर बागेला गोडं पाणी लागतच नाही. लॉन कमी करा, कडुलिंब, करंज, बहावा लावा, ड्रिप टाका. हे नकाशात लेखी येऊ दे, मग बोलू.

चेअरमन: ठीक. पण आण्णा, आपल्या संपात रोज किती येतं ते तरी आपल्याला माहिताय का? ते समोर विचारणारच.

आण्णा प्लॉट १४: संपावरचं मीटर बंद आहे. गेल्या वर्षी दुरुस्तीचा खर्च नको म्हणून कोण उठलं होतं ते मीटिंगच्या मिनिट्समध्ये आहे.

प्लॉट ७: 👀

प्लॉट ३०: तेव्हा फंडात पैसे नव्हते म्हणून बोललो होतो.

चेअरमन: झालं गेलं राहू दे. उद्या १० ला प्लंबर येतोय मीटर काढायला, पंपरूमची किल्ली ज्यांच्याकडं असेल त्यांनी सकाळी वॉचमनकडं द्या.