रिनेर फक्त उंचीवर जिंकला?

नाना, फ्रान्सचा ज्युदोपटू टेडी रिनेर निव्वळ अंगापिंडावर जिंकला, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. धिप्पाड गडी तर आपल्या अमळनेर-चोपड्याकडच्या कुस्तीच्या दंगलीतही दिसतात, पण पकड सैल पडली की तेही पाठीवर येतात. रिनेरची खरी ताकद पकडीत आहे. समोरच्याच्या जॅकेटची कॉलर हातात आली की तो त्याला सरळ उभंच राहू देत नाही, मग पाय मारतो. आपल्या कुस्तीतल्या टांग डावाच्या जवळचाच प्रकार.

ग्वादलूपमध्ये जन्मलेला हा पोरगा २००७ मध्ये अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. पुढे सलग १५४ लढती जिंकल्या. ती मालिका २०२० मध्ये पॅरिसलाच, घरच्या प्रेक्षकांसमोर, जपानच्या कागेउराने तोडली. पडल्यावरही लोकांनी त्याला सोडलं नाही, यात सगळं आलं. २०२४ च्या ऑलिंपिकची ज्योत धावपटू मारी-जोझे पेरेकसोबत त्यानेच पेटवली. तिथेच ज्युदोच्या सांघिक अंतिम फेरीत फ्रान्सची जपानशी ३-३ बरोबरी झाल्यावर निर्णायक लढतीचा वजनगट सोडतीने निघाला, नेमका त्याचाच! (जपान्यांचं तोंड बघायला हवं होतं.)

आपल्याकडे दंगलीला गर्दी कमी नसते हो, पण जिंकलेला पहिलवान शेजारच्या तालुक्यातही कुणाला माहीत नसतो.