सूक्ष्मदर्शी आणि क्लिप गेजवरील तड्याची लांबी जुळत नाही

प्रश्न (भोसरी):
आमच्या कारखान्यातील प्रेसच्या पोलादी चौकटीला वेल्डिंगच्या कडेलगत तडा गेला आहे. त्याच प्रतीच्या जाड पत्र्यातून कापलेल्या, 50 मिमी रुंदी आणि 12.5 मिमी जाडीच्या सीटी (कॉम्पॅक्ट टेन्शन, म्हणजे खाच पाडून ओढल्या जाणाऱ्या) नमुन्यांवर मी भार-गुणोत्तर (किमान भार भागिले कमाल भार) 0.1 ठेवून तडावाढीची चाचणी घेत आहे. क्लिप गेजवरून (खाचेचे तोंड किती उघडते ते मोजणारे उपकरण) काढलेली तड्याची लांबी सूक्ष्मदर्शीच्या वाचनापेक्षा सुमारे 1 मिमीने जास्त येते. यांपैकी कोणती ग्राह्य धरावी, आणि हे आकडे चौकटीला लावता येतील का?

उत्तर 1:
सूक्ष्मदर्शीला फक्त पृष्ठभाग दिसतो, तर गेज संपूर्ण जाडीचा लवचिक प्रतिसाद मोजतो. जाडीच्या मध्यभागी तडा बहुधा पुढे गेलेला असतो, त्यामुळे हा फरक अपेक्षितच आहे. नमुन्याच्या दोन्ही बाजू वाचा. चाचणी संपल्यावर नमुना भट्टीत तापवून तड्याचा भाग रंगू द्या, मग तो तोडून तड्याची कड जाडीभर अनेक ठिकाणी मोजा आणि त्या सरासरीवरून दोन्ही वाचने दुरुस्त करा. पॅरिसच्या नियमानुसार तडावाढीचा वेग ताणतीव्रतेच्या पल्ल्याच्या (दर भारचक्रात तड्याच्या टोकाशी ताणाची तीव्रता किती बदलते त्याच्या) घातांकात वाढतो; हा घातांक पोलादासाठी साधारण 3 असल्याने त्या पल्ल्यातील 10 टक्के चूक वाढीच्या वेगात जवळजवळ 33 टक्के होते. म्हणून ही दुरुस्ती टाळू नये.

उत्तर 2:
वरील मुद्दा योग्यच आहे, मात्र गेजच्या आलेखाचा (भार विरुद्ध उघडणे) उतार, ज्यावरून तड्याची लांबी काढतात, तो नेमका कुठून घेतला, हेही तपासावे. कमी भाराला तड्याचे काठ एकमेकांना टेकतात (संशोधक एल्बर यांनी 1970 च्या सुमारास दाखवलेली हीच ती तडामिटणी) आणि तेवढ्या टप्प्यात नमुना प्रत्यक्षापेक्षा ताठ भासतो. उतार वरच्या, सरळ भागातूनच घ्यावा. तसे केल्यावर गेजची लांबी कमी न होता उलट थोडी वाढेल, ही माझी अटकळ आहे.

उत्तर 3:
चौकटीविषयी मी अधिक सावध राहीन. वेल्डिंगनंतर जोडाजवळ उरलेले ओढीचे प्रतिबल कित्येकदा पोलादाच्या नमनबलाच्या (ज्या प्रतिबलाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते) जवळपास असते. तेथे तडा मिटतच नाही, आणि 0.1 गुणोत्तरावर मिळालेला वेग प्रत्यक्षापेक्षा कमी निघण्याची शक्यता असते. निदान काही नमुने 0.5 किंवा त्याहून अधिक गुणोत्तरावर तपासा. शिवाय चौकटीवर रंगद्रव्य चाचणीने (तड्यात रंगीत द्रव झिरपवून तो दिसू देणारी तपासणी) केवळ पृष्ठभागावरची लांबी कळते. खोली मोजण्यासाठी अल्ट्रासॉनिक तपासणी लागेल, आणि ती दर वेळी त्याच खुणांवर, त्याच प्रोबने करावी.