डोंगरातली गावं, घरचे सगळे, एकच दिवस: घाई न करता कसं जमवायचं?

प्रश्न:
येत्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे गाडीनं डोंगरातली गावं बघायला जायचं म्हणतोय, सकाळी निघून रात्री घरी परत. आई सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात त्यांचे. धाकटी सहा वर्षांची, तिला वळणांवर हमखास गाडी लागते, आणि थोरल्याला मात्र सगळंच बघायचंय. मिस्टरांच्या यादीत पाच गावं आहेत, नकाशावर अगदी जवळजवळ दिसतात, पण मला धास्ती वाटतेय की दिवस सगळा गाडीतच जाईल. किती गावं धरावीत? आणि धाकटीला गोळी द्यायची का?

उत्तर १:
पाच फार होतात हो ताई, दोन धरा, फार तर तीन. डोंगरात नकाशावरचं अंतर फसवं असतं, समोरच्या डोंगरावर दिसणाऱ्या गावाला जायचं तर आधी पार दरीत उतरायचं, नदी ओलांडायची आणि पुन्हा तेवढंच चढायचं, म्हणून किलोमीटर बघू नका, तास बघा. घाटात ताशी ३० चा वेग धरून हिशोब केला की बरोबर बसतो.

माझं ठाम मत, सगळ्यात लांबचं गाव सकाळी आधी गाठायचं आणि बाकीची परतीच्या वाटेवर ठेवायची. दुपारनंतर कोणी दमलं तर एक गाव सरळ गाळता येतं आणि घरही जवळ आलेलं असतं. शिवाय सकाळी हवा स्वच्छ असते, ऊन तापलं की गरम हवा उतारावरून वर चढते आणि दुपारी शिखरांवर ढग जमतात, मग ज्या देखाव्यासाठी गेलो तोच दिसत नाही.

आईंचं म्हणाल तर गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो. आपण खाली चालत जाऊ म्हणून गाडी वरच लावतात लोक, तसं करू नका. त्यांना थेट गावातल्या सपाट जागी उतरवा, दरी दिसेल असा एखादा बाक शोधून द्या आणि कोणीतरी त्यांच्याजवळ बसा. तासभर तिथं निवांत बसणं हीसुद्धा सहलच आहे, त्यांना "चला चला" करू नका.

उत्तर २:
धाकटीबद्दल लिहिते. गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वयात सगळ्यात जास्त असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळे असतात मोबाईलवर, त्यांना सगळं स्थिर दिसतं, त्या गोंधळानं मळमळतं. म्हणून घाटात मोबाईल, पुस्तक काही नको. समोरच्या काचेतून लांबचं दिसेल अशी तिची सीट उंच करा, काच थोडी खाली ठेवा, गाडीतलं सेंट काढून टाका. उपाशी नेऊ नका आणि पोट तुडुंब भरूनही नको. डोळा लागला तर खुशाल झोपू दे, झोपेत त्रास कमी होतो, गावात पोचल्यावर उठेलच की. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच, वयाप्रमाणे डोस बदलतो, ती निघण्याआधी द्यायची असते आणि काही गोळ्यांनी मूल दिवसभर पेंगतं. आणि हो, चालवणाऱ्याला सांगा, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, ऐन वळणात ब्रेक मारला की पोटात ढवळतं.

उत्तर ३:
चालवणाऱ्यासाठी अजून थोडं. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा, न्यूट्रल तर अजिबात नको. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि मग ऐनवेळी लागत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. धुक्यात हाय बीम लावू नका, उजेड उलटा डोळ्यावर येतो. दरीत सूर्य लवकर डोंगराआड जातो, तेव्हा शेवटचा घाट उजेड असतानाच उतरायचा असं ठरवूनच निघा.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, मिस्टरांना वाचून दाखवलं, यादी तीनवर आली! लांबचं गाव साधारण २००० मीटरवर आहे, आईंना त्रास होईल का?

उत्तर १:
विरळ हवेचा खरा त्रास बहुधा २५०० मीटरच्या वर सुरू होतो, तरी चढावर धाप लागू शकते, बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, तेव्हा खाली उकडत असलं तरी स्वेटर हाताशी असू दे, डिकीत खाली दाबून ठेवू नका. ऊन तिथं जास्त लागतं, टोप्या घ्या. कानाला दडे बसले तर मुलांना घोट घोट पाणी द्या, गिळलं की मोकळे होतात. आणि तीनातलं एक गाव थोरल्याला निवडू द्या.