तीनशे सीसीच्या ट्रॅक बाइकचं हेड उघडावं का?

(चौघांचा वाद. लाल रेघ, ओव्हरलॅप, टॅपेट आणि शेवटचं वळण ही त्यांची टोपणनावं.)

लाल रेघ

फक्त ट्रॅकवर पळवायच्या लहान स्पोर्ट बाइकची ताकद वाढवायचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि पिस्टनवर येते. माझं म्हणणं सरळ आहे: एक्झॉस्ट, फ्युएल मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचं टेबल) आणि स्प्रॉकेटचे दात, बस्स. हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणाला, हात लावू नये.

हिशेबासाठी निंजा ३०० घेऊ. दोन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४९ मिमी, २९६ सीसी, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते) १०.६. मागच्या चाकावर ३५ बीएचपी येते असं धरा. बेंड पाइपपासूनची पूर्ण सिस्टीम आणि तिच्यासाठी केलेला मॅप मिळून दोन-तीन बीएचपी देतात. नुसता मागचा डबा बदलला तर दोन-तीन किलो उतरतात आणि आवाज वाढतो. ताकद जिथल्या तिथे.

मॅप ऐच्छिक नाही. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल कमीजास्त करतो ते हलक्या थ्रॉटलला. थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) टेबलात लिहिलंय तेवढंच पेट्रोल सोडतो, पाइप बदललाय हे त्याला कळायला मार्ग नाही. वाइडबँड सेन्सर लावून पूर्ण थ्रॉटलला दर ५०० आरपीएमवर हवा-पेट्रोल प्रमाण १२.८ ते १३.२ मध्ये आणायचं. ते १४ कडे सरकलं तर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतात. एअरबॉक्स काढून उघडे फिल्टर लावणं तर टाळाच. इंजिनाची गरम हवा आत ओढली जाते आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क जातो.

दातांचं गणित: १४/४२ म्हणजे ३.००, १४/४५ म्हणजे ३.२१. प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी ७ टक्के जास्त ओढ. पुढचा १३ लावूनही तेच साधतं, पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मचा रबर लवकर खाते. मागे तीन दात वाढवले आणि चेन तीच ठेवली, तर ५२० च्या चेनवर अ‍ॅक्सल सुमारे १२ मिमी पुढे येतो. तेवढी जागा आहे का हे आधी मोजा.

ओव्हरलॅप

असहमत. दात बदलून ताकद वाढत नाही, तिची वाटणी बदलते. सहाव्या गिअरला आरपीएमची लाल रेघ लवकर आली की ते ७ टक्के परत गेले.

"ताकद सोडा, वळणातला वेग वाढवा" हे पालुपद आता येईलच, म्हणून आधीच हिशेब मांडतो. बाइक आणि रायडर मिळून २४० किलो. वळणातून ताशी ७० ऐवजी ७३ किमीने बाहेर पडलं तर गतिज ऊर्जा ४ किलोज्यूलने वाढते. ३ बीएचपी म्हणजे २.२ किलोवॉट, आठ सेकंदांच्या सरळ पट्ट्यावर जवळपास १८ किलोज्यूल. आता सांगा स्वस्त काय.

हेडमधून अर्धा मिमी घासला की रेशो १०.६ वरून ११.६ होतो. एका सिलिंडरचे १४८ सीसी, माथ्यावरची जागा १५.४ सीसी, त्यातून दीड सीसी गेला. एवढंच काम आहे.

टॅपेट

एवढंच नाही ना! हेड अर्धा मिमी खाली आलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर तेवढंच घटतं. ढिली झालेली कॅमची चेन टेन्शनर मागच्या बाजूने ओढून घेतो आणि दोन्ही कॅम क्रँकच्या हिशेबाने दीड-दोन अंश उशिरा चालतात. कॅम स्प्रॉकेटची भोकं लांबट करून, डिग्री व्हील (अंश मोजणारी चकती) आणि डायल गेज लावून टायमिंग परत आणावं लागतं. हे न करता बांधलेल्या इंजिनात खालचा टॉर्क गेलेला असतो आणि दोष मात्र मॅपला दिला जातो.

त्यानंतर दोन मापं, दोन्ही चुकवता येत नाहीत.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह: पिस्टनवरच्या खाचांत मुलांच्या खेळण्यातली क्ले दाबा, व्हॉल्व्हला तेलाचा हात लावा, जुनी गॅस्केट बसवून हेड पूर्ण टॉर्कला कसा, टॅपेट सेट करा आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. उघडून क्ले कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला किमान १ मिमी, एक्झॉस्टला १.५ मिमी. नुसतं टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) मोजून चालत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनच्या सगळ्यात जवळ येतो तो त्याच्या साधारण दहा अंश अलीकडे-पलीकडे.

स्क्विश (पिस्टनचा काठ आणि हेड यांतली फट): पिस्टनच्या काठावर, त्याला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंना सोल्डरच्या तारेचे तुकडे ठेवा. एकाच बाजूला ठेवला तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. ०.७ ते ०.८ मिमी ठीक. त्याहून फार कमी असेल तर १३,००० आरपीएमला कनेक्टिंग रॉड ताणून पिस्टन हेडला टेकू शकतो.

शेवटचं वळण

३५ बीएचपीत एक बीएचपी म्हणजे जवळपास ३ टक्के. २४० किलोचे ३ टक्के सात किलो. स्टँड, आरसे, मागचे फूटरेस्ट, हेडलाइट, मागचा मडगार्ड उतरवा आणि हलकी बॅटरी लावा, सात किलो सहज निघतात. गॅस्केट फाडायची गरज नाही.

ओव्हरलॅप

वजन उतरवूच, ते आणि हे एकमेकांच्या आड येत नाही. टॅपेट यांची मापं मान्य. पण मापं घ्यावी लागतात म्हणून काम करू नये, हे कुठलं तर्कशास्त्र?

लाल रेघ

मापं घेऊन हाती किती लागतं ते बघा. रेशो १०.६ चा ११.६ केला तर नुसत्या पुस्तकी ऑटो सायकलने (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राने) कार्यक्षमता सव्वादोन टक्के वाढते. ३५ वर ०.८ बीएचपी. त्यासाठी कॅम टायमिंग, क्ले, तार, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आणि नॉकिंगची (पेट्रोल अवेळी भडकण्याची) टांगती तलवार. प्लगच्या पोर्सलीनवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चमकते कण दिसले की पिस्टन वितळायला लागलाय असं समजायचं.

आणि ते १८ किलोज्यूल तुम्ही आठही सेकंद कमाल ताकद मिळते असं धरून काढलेत. ती एकाच आरपीएमला मिळते. शिवाय शेवटी शेवटी बरीचशी हवाच खाते: वेग ताकदीच्या घनमुळाने वाढतो, त्यामुळे ३५ ची ३८ केली तरी १७० चे १७५ सुद्धा होत नाहीत. वळणातले ताशी ३ किमी मात्र पट्ट्याच्या पहिल्या मीटरपासून कामाला येतात, आणि वळणात वाचलेला वेळ वेगळाच.

ओव्हरलॅप

०.८ बरोबर आहे. पण रेशो एकटा कोणी वाढवत नाही. जास्त ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणाऱ्या) कॅमने इनटेक उशिरा बंद होतो आणि कमी आरपीएमला भरलेली हवा परत ढकलली जाते. ती तूट रेशो भरून काढतो. खरी कमाई कॅमची आणि व्हॉल्व्ह सीटजवळच्या पोर्टच्या साफसफाईची, वरच्या ३,००० आरपीएममध्ये.

टॅपेट

म्हणजे लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) वर न्यायचा. समजा १२,५०० वरून १३,५०० केलं, की पिस्टन आणि रॉडवरचा जडत्वाचा भार १७ टक्क्यांनी वाढतो, कारण तो आरपीएमच्या वर्गाने चढतो. मग व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि रॉड बोल्ट आलेच. स्टॉक कॅमवर लिमिटर वाढवण्याचा एकच उपयोग दिसतो: दोन वळणांमध्ये पाऊण सेकंदासाठी गिअर टाकावा लागत नाही.

शेवटचं वळण

शर्यतीत उतरायचं असेल तर आधी आपल्या क्लासचे नियम वाचा. हेड स्टॉकच हवं असेल तर हा सगळा वाद तिथेच संपला. कूलंटही बघा. बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉल चालत नाही, सांडलं की पुसूनही निसरडं राहतं. साधं डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक भरा, ड्रेन बोल्टला सेफ्टी वायर मारा.

टॅपेट

कॉम्प्रेशनच हवं असेल तर घासण्याआधी पाव मिमीने पातळ गॅस्केट लावून बघा. रेशो ११.१ होतो, टायमिंग एक अंशाच्या आसपास सरकतं, आणि नाही जमलं तर जुन्या जाडीची नवी गॅस्केट टाकून मूळ पदावर येता येतं. तार आणि क्ले मात्र यालाही लागतात.

लाल रेघ

आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आधी-नंतर एकाच गिअरमध्ये, एकाच टायर प्रेशरला, कूलंट तितकंच तापवून प्रत्येकी तीन रन. अर्ध्या बीएचपीची कमाई त्या तीन रनच्या आपसातल्या फरकात सहज हरवते.