घरात रेंज मिळत नसेल तर ती वाढवणारे यंत्र, म्हणजे बूस्टर, बसवण्याचा हक्क ग्राहकाला हवा की नको?

ठाणेकर_तळमजला :

आम्ही ठाण्यात एका सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. गेल्या चार वर्षांत समोर आणि उजव्या हाताला दोन उंच इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्या घरातली मोबाइलची रेंज हळूहळू नाहीशी झाली. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा ठेवला, तरच त्यावर दोन दांड्या दिसतात. माझी आई 79 वर्षांची आहे. तिच्यासाठी आम्ही तिथे एक स्टूल ठेवले आहे आणि माझ्या बहिणीशी बोलायचे असले की ती त्यावर बसून, मान खिडकीकडे वळवून बोलते. गेल्या महिन्यात तिच्या रक्ततपासणीचा अहवाल पाहून डॉक्टरांनी एक गोळी बंद करायला सांगण्यासाठी तीनदा फोन केला. तो लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजी आणायला निघाली, तेव्हा फाटकापाशी तिच्या फोनवर तिन्ही मिस्ड कॉलचे संदेश एकदम येऊन पडले. तोवर तिने ती गोळी आणखी दोनदा घेतली होती.

मी मोबाइल कंपनीच्या 198 या तक्रार क्रमांकावर तक्रार केली. ‘आपल्या परिसरातील कव्हरेज समाधानकारक आहे’ असा संदेश पाठवून ती बंद करण्यात आली.

आता दुकानदार म्हणतो की काही हजार रुपयांत बूस्टर बसवून देतो. चौकशी केल्यावर कळले की परवानगीशिवाय असे यंत्र बाळगणे आणि वापरणे आपल्याकडे बेकायदा आहे. ते फक्त परवानाधारक कंपनीलाच बसवता येते. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. सेवेचे पैसे मी दरमहा भरायचे, सेवा मात्र उंबरठ्याबाहेरच थांबायची आणि स्वखर्चाने उपाय केला तर गुन्हेगार मीच ठरायचे, हे कोणत्या न्यायात बसते? अमेरिकेत दूरसंचार आयोगाने 2013 साली नियम करून घरगुती बूस्टरला वाट मोकळी करून दिली. आपल्याकडे तसे का होऊ नये?

निवृत्त_अभियंता :

आपल्या आईंची अडचण वाचून वाईट वाटले. तरीही माझा ठाम विरोध आहे आणि त्याचे कारण आपल्याच शेजाऱ्यांच्या घरात सापडेल.

बूस्टरचा एक अँटेना गच्चीवर किंवा खिडकीबाहेर असतो, दुसरा घरात, आणि दोन्हींच्या मध्ये अॅम्प्लिफायर. टॉवरकडून येणारा संकेत तो वाढवतो हे आपल्याला दिसते. पण आपल्या फोनकडून टॉवरकडे जाणारा संकेतही तो वाढवतो आणि त्याबरोबर स्वतःचा गोंगाटही टॉवरच्या कानात ओततो. भजनाच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर गेला की जी शिट्टी वाजते, तीच गोष्ट दोन्ही अँटेना पुरेसे दूर नसतील तेव्हा घडते. फरक एवढाच की ही शिट्टी कोणाला ऐकू येत नाही. टॉवरच्या भोवतीचा गोंगाट वाढला की दूरच्या, क्षीण फोनचे बोलणे त्याला ऐकू येईनासे होते आणि त्या माणसाचा कॉल तुटतो. स्वस्त यंत्रे कोणत्या कंपनीचा संकेत वाढवायचा हेही पाहत नाहीत, सगळे सरसकट वाढवतात.

नोकरीत असताना अशा तक्रारींवरून आम्ही कित्येकदा हातात दिशादर्शक अँटेना घेऊन गल्लीबोळ पालथे घातले आहेत. एका वसाहतीत सहा आठवडे तक्रारी येत होत्या. शेवटी एका गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, प्लास्टिकच्या बादलीखाली झाकलेला छोटा अँटेना सापडला. तो उतरवला आणि त्याच संध्याकाळी टॉवरवरचा गोंगाट खाली आला. ज्यांनी तो बसवला होता तेही आपल्यासारखेच सज्जन गृहस्थ होते. त्यांच्यामुळे समोरच्या चाळीतले फोन तुटत होते याची त्यांना कल्पनाही नव्हती.

अमेरिकेचे उदाहरण आपण अर्धेच दिले आहे. तिथल्या बूस्टरला मानके पाळावी लागतात, गोंगाट वाढू लागला की तो आपोआप आपली ताकद कमी करतो किंवा बंद पडतो, आणि वापरण्यापूर्वी कंपनीकडे त्याची नोंद करावी लागते. आपल्या दुकानातल्या यंत्रात यातले काय आहे?

मीनल_पुणे :

आमच्या घरी हीच अडचण वायफाय कॉलिंगने सुटली. भारतात ही सोय 2019 च्या अखेरीपासून आहे. घरात ब्रॉडबँड असेल आणि फोन त्यास जुळणारा असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन एक बटण चालू करायचे. त्यानंतर नेहमीच्याच नंबरवरून, वेगळे अॅप न घेता कॉल येतात आणि जातात. आमच्या फोनवर बँकेचे ओटीपीही तसेच येतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोनही मुका होतो, म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडून घ्यावा. वयस्कर माणूस घरात एकटे असते तिथे हा खर्च टाळू नये.

सड्यावरचा :

पुण्या-ठाण्यात बसून वायफायचा उपाय सुचवणे सोपे आहे. आमचे घर सिंधुदुर्गात, वाडीच्या अगदी खालच्या अंगाला आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, मागे डोंगर, पुढे पोफळीची बाग. फोन करायचा तर वीस मिनिटे चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जावे लागते आणि पावसाळ्यात संध्याकाळनंतर ते धोक्याचे असते. वाडीत ब्रॉडबँडची तार आलेली नाही. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये नेटवर्क नसलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण आमच्या गावात बाजारपेठेजवळ टॉवर आहे, त्यामुळे कागदावर गाव जोडलेलेच दिसते. वाडीतल्या माणसाने काय करावे? माझ्या घरापासून सर्वांत जवळचा शेजारी हाकेच्याही पलीकडे आहे. माझ्या बूस्टरमुळे कोणाचा कॉल तुटणार आहे? शहरातल्या दाटीसाठी केलेला नियम डोंगरातल्या एकट्या घराला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही.

निवृत्त_अभियंता :

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. टॉवरला शेजाऱ्याचे अंतर कळत नाही, त्याच्या कानाशी पोहोचणारा गोंगाटच कळतो. त्यामुळे बाजारपेठेतला टॉवर आपल्या अँटेनाच्या थेट समोर असेल तर त्रास होऊ शकतो. तरी आपल्यासारख्यांसाठी मानके ठरवून, नोंदणी करून बूस्टर देण्याची तरतूद व्हायला हवी, असे आता मलाही वाटते. माझा विरोध दुकानातून उचलून आणलेल्या यंत्राला आहे.

ठाणेकर, आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिमची स्थिती’ उघडली की संकेताची तीव्रता आकड्यात दिसते. हॉलमधला आणि खिडकीतला आकडा कृपया कळवा. फोन 5जी शोधत राहतो का, तेही पाहा.

ठाणेकर_तळमजला :

हॉलमध्ये उणे 118 आणि खिडकीत उणे 102 दिसतो. होय, फोन सतत 5जी आणि 4जी यांच्यात हेलकावे खातो.

निवृत्त_अभियंता :

सोळा डेसिबलचा फरक, म्हणजे खिडकीत संकेत सुमारे चाळीसपट अधिक आहे. एकाच घरात हे घडते कारण मधल्या भिंतींत काँक्रीट आणि लोखंडी सळया आहेत. आईंचा फोन केवळ 4जीवर ठेवून पाहा. 850 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून जितक्या आत येतात, तितक्या 5जीच्या 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या येत नाहीत. कोणत्या कंपनीचा खालचा पट्टा आपल्या भागात चालतो ते पाहून नंबर पोर्ट करणे हाही मार्ग आहे. शेजाऱ्यांचे सिम एक दिवस मागून त्याच हॉलमध्ये तपासा.

सोसायटी_सचिव :

आमच्या सोसायटीत गच्चीवर टॉवर घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा किरणोत्सर्गाच्या भीतीने बहुमताने तो फेटाळला गेला आणि मीही विरोधात मत दिले होते. आज घरात रेंज नाही म्हणून तेच सभासद माझ्याकडे येतात. तरी लहान मुले असलेल्या इमारतीवर टॉवर नको, हे माझे मत कायम आहे.

निवृत्त_अभियंता :

भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठी किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे. उलट रेंज क्षीण असली की हातातला फोनच टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी आपली ताकद वाढवतो आणि तो कानाला लागलेला असतो. मुलांची काळजी असेल तर हे गणित दोन्ही बाजूंनी मांडावे लागते. तरी इमारत सभासदांची आहे, निर्णयही त्यांचाच. टॉवर नको असेल तर कंपन्यांकडून इमारतीच्या आतली अँटेना-व्यवस्था मागता येते. ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम केले आहेत. नव्या इमारतीत घर घेणाऱ्याने बिल्डरला याबद्दल जरूर विचारावे.

ठाणेकर_तळमजला :

आज फोन 4जीवर लावला आणि वायफाय कॉलिंगही चालू केले. ब्रॉडबँड घरात होतेच, हे बटण मात्र मला ठाऊक नव्हते. आई आता हॉलमधल्या तिच्या खुर्चीवरून बोलू शकते. बूस्टर मी घेणार नाही. चाळीतल्या फोनची गोष्ट वाचल्यावर मला ते करवणार नाही. पण मूळ तक्रार मी सोडलेली नाही. वायफायचे पैसे मी वेगळे भरतो, म्हणजे मोबाइल कंपनीने न दिलेल्या सेवेची भरपाई माझ्याच खिशातून होते आहे. घरात सेवा मिळत नाही हे आकड्यांसह दाखवणाऱ्या ग्राहकाला कंपनीने एक तर मान्यताप्राप्त यंत्र बसवून द्यावे किंवा मासिक आकार कमी करावा. 198 वरची बंद केलेली तक्रार मी कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे नेत आहे आणि दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

सड्यावरचा :

अर्जाचा मसुदा इथे अवश्य द्या. आमच्या वाडीत सतरा घरे आहेत. प्रत्येक घरातून आकडा घेऊन मीही तसाच अर्ज करतो. स्क्रीनशॉट पाठवायला मात्र सड्यावर जावे लागेल.